डाव्या हाताचा तांब्या

पिंप्राळा, सोमवार

रात्रभर डोळा नाही लागला. उद्या बाळाचं जावळ, आणि माझा भाऊ धुळ्याहून ह्यांच्यासाठी मोटारसायकल आणतोय.

दिवस मावळला की ह्यांना दिसत नाही. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. जेवताना पाण्याचा तांब्या मी रोज डाव्या हाताला ठेवते, म्हणजे बरोबर सापडतो.

काल बाळाने तो सरकवला. हे नुसते हात फिरवत बसले. मी रडले तर म्हणे, "येडी, गाडीले लाइट राहतो ना!"

रस्त्यावरचा ट्रक काय तांब्यासारखा रोजच्या जागी राहणार?

कोणाला सांगायचं नाही, अशी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली माझ्याकडून. तोंडाने कशी बोलू? ही वही उघडी ठेवते. कोणी वाचलं तर माझ्या भावाला फोन करा. गाडी आणू नको म्हणा.