आईनं दिलेलं उत्तर

तेर, बुधवार

प्रिय मोनिकाताई,

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी "जाऊ दे" म्हणून मोकळा होतो.

शेतीचं शिक्षण नुसतं फळ्यावर होत नाही, पोरांना माणसांत न्यायला पाहिजे, यासाठी तू कॉलेजातल्या मोठ्या सरांशी भांडलीस. शेवटी ते हो म्हणाले. पहिला वर्ग आपल्याच मेंढरांच्या तळावर आणते असं तू कळवलंस, तेव्हा आईनं सगळ्या शिवारात सांगितलं. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली, चहासाठी दूध राखलं.

बस थांबली. तुझ्याआधी ते सर उतरले, नाकाला रुमाल लावून. आई तुझ्या गालावरून हात फिरवायला पुढं आली आणि तू पोरांकडं वळून म्हणालीस, "हे एक मेंढपाळ कुटुंब." आईचा उचललेला हात डोक्यावरचा पदर सारखा करून खाली आला. लग्नानंतर तुझं आडनाव बदललेलं. कुणाला काय कळणार?

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. ताडपत्रीच्या पालाची, लेंड्यांच्या वासाची, माझ्या फाटक्या बंडीची. मेंढीचा खूर बघायचं नाटक करत मी कळपात बसून राहिलो. तू जे केलंस तेच मीही केलं, ताई. ती लाज अजून जात नाही.

मग तुझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मावशी, लेकरं किती तुम्हाला?"

आईनं एकदा सरांकडं पाहिलं. "एकच. त्यो बसलाय न्हवं, त्यो."

मुलीनं लिहून घेतलं. तू शेजारीच उभी होतीस.

बस गेल्यावर आबा जेवले नाहीत. आई मात्र तुझीच बाजू घेत राहिली, "तिची नोकरी हाय, तिला अडचण नको."

काल दूध काढता काढता ती म्हणाली, "सुरज, त्या पोरीनं माझ्यावर इस्वास ठेवून लिहिलं. त्यांचा अभ्यास चुकंल की रं. ताईला कळव, एकाचं दोन कर म्हणावं. म्या सांगितलं म्हणू नको."

म्हणून हे पत्र. पण वहीतला तो आकडा तिथं बसून खोडू नकोस. पोरांना घेऊन पुन्हा ये. त्या मुलीला आईसमोर बसव, आणि तिनं तोच प्रश्न विचारला की आईच्या आधी तू उत्तर दे.

तुझाच धाकटा,
सुरज