दोन्हीकडे सारखी धार

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोन केला नाही, कारण आबा फोन स्पीकरवर ठेवतात आणि मला जे लिहायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको.

रविवारी मी अंगणातला तो वाळका बुंधा कापताना काप कसा गेला, ते तू पाहिलंस. सरळ धरलेली तुझी चेनची करवत उजवीकडे पळत होती. मी दारं-खिडक्यांच्या कारखान्यात बारा वर्षं पाती बघतोय, मला कळतं. चेन ज्या पट्टीवर फिरते ती तू उलटवत नसणार, तिच्या खाचेतला भुसा काढत नसणार. म्हणून जेवताना सगळ्यांदेखत बोललो. मग आबांनी तुला ऐकवलं. मी एवढ्या हौसेने धार लावतो आणि तू तिची माती करतेस, म्हणाले. तू खाली मान घालून जेवत राहिलीस. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आबांनी फांद्या तोडायला झाडांवर चढणं सोडलं तेव्हा बॅटरीवरची ती नवी करवत तुझ्या हातात दिली. मला विचारलंसुद्धा नाही. लहानपणी मी कानशीला हात लावला की फटका बसायचा, आणि तुला मात्र मांडीवर घेऊन चेनचे दात मोजायला शिकवलं. आता फोन केला की तुझंच कौतुक. ती बॅटरी काढल्याशिवाय चेनला बोट लावत नाही, ती ऑइल बघितल्याशिवाय कामाला निघत नाही, ती बॅटरी उन्हात ठेवत नाही. मी बढतीची बातमी सांगत होतो, ती त्यांनी मध्येच तोडली. एवढा जळफळाट होतो की मग दोन दिवस कुणाशी नीट बोलवत नाही.

तेव्हा करवतीकडे लक्ष दे. राग आला असेल तर येऊ दे, माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

बारा वर्षं पाती बघणारे साहेब, पट्टी मी दर शनिवारी उलटते. खाच ब्रशने साफ करते, ऑइलचं भोक काडीने मोकळं करते. चेन ओढून बघते, जराशी उचलून ती परत जागेवर बसली पाहिजे. यातलं काही चुकलं नव्हतं. चुकली होती धार, आणि ती मी लावत नाही, आबा लावतात.

आजारपणानंतर त्यांच्या डाव्या हातात जोर राहिलेला नाही. चेनला एक दात उजवा, एक डावा असतो, हे तुला सांगायला नको. उजवे दात ते अजून झकास घासतात. डाव्यांकडे वळले की कानस नुसती वरून सरकते. प्रत्येक दाताला तीन वेळा, मोठ्याने मोजून. मोजणी बरोबर असते, म्हणून त्यांना वाटतं दोन्हीकडे सारखीच धार लागली. ते आत गेले की मी मागच्या खोलीत बसून डावे दात पुन्हा घासते. दोन वर्षं हे चाललंय. या वेळी तुझ्या येण्याच्या गडबडीत शनिवारी राहून गेलं, आणि रविवारी तू उठल्या उठल्या करवत घेऊन अंगणात.

जेवताना मी काय बोलणार होते? शनिवारची धार आहे म्हणून आबा सकाळी दाढी करून बाहेर येतात. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. हाताचं त्यांना कळलं तर कानस खाली ठेवतील आणि पुन्हा उचलणार नाहीत. त्यापेक्षा मी हलगर्जी ठरले तर ठरले. तुला शपथ आहे, ब्र काढायचा नाही.

बढतीचं म्हणशील, तर दुसऱ्या दिवशी आबांचं दूधवाल्यापासून शेजारच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. तुला शाबासकी द्यायची तेवढी राहिली.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू मिळव.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्याच्या आवारात उभ्या उभ्या वाचलं. फार लाज वाटली. आबांना खरं सांगून तुझी बाजू घ्यावी, तर शपथ घालून तू माझं तोंडच बंद केलंस.

पण आणखी एक कबूल करतो. लाज वाटून झाली आणि मी पुन्हा जळलो. आबांचं कौतुक तुझ्या वाट्याला होतंच, आता त्यांची चूकही तुझ्याच वाट्याला. दोन वर्षं ती तू एकटीने झाकलीस आणि मला कळवलं नाहीस. मी त्यांचा मुलगा, आणि माझ्याकडे त्यांचं काय आहे? आठवड्याचा फोन.

सोबत आमच्या आवारातल्या करवतीची बोथट चेन पाठवतोय. आबांना सांग, इथे कुणाला धार जमत नाही, त्यांनीच लावून द्यावी. त्यांची झाली की तशीच परत पाठव, तू हात लावायचा नाही. डावे दात मी घासेन.

मोठ्या मनाने एवढा वाटा मला दे, बाकी सगळा लोभ तूच ठेव.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सोबत चेन आहे. ती इथे मंगळवारी पोचली. आबांनी शनिवारची वाट बघितली नाही. लगेच दाढी केली, माझ्याकडून चष्मा पुसून घेतला आणि खिडकीपाशी बसले ते दुपारपर्यंत. मी चहा घेऊन गेले तर तिथे उभंही राहू देईनात. मुलाने काम पाठवलंय, मध्ये बोलू नकोस म्हणाले. बुधवारी समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पहिल्या दातापासून घासायला घेतली. माझी चेन अर्ध्या तासात होते.

ठरल्याप्रमाणे मी हात लावलेला नाही. फक्त पाहिली. डावे दात तसेच बोथट आहेत.

दोन दिवस ते तुझी चेन घेऊन बसले होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तू लिहितोस तो जळफळाट मला आजवर ठाऊक नव्हता. आता झाला. पुढची चेन लवकर पाठव.

तुझी,
ताई