आईला इतक्यात सांगू नका

दौंड,
रविवार, ता. ११ जानेवारी १९९८

ती. स्व. आण्णांस,
धाकटा भाऊ जालिंदर याचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एसटीतून पाठवलेली घोंगडी पोचली. पावणेसहा हात भरली. विणकर सहा म्हणाला असेल, तर त्याला सांगा की जालिंदरने मापली. पण ऊब मापात बसत नाही. रात्रपाळीवरून आल्यावर सकाळी ती अंगावर घेतो आणि तुमची आठवण काढून झोपतो. फार उपकार झाले.

आता मुख्य गोष्ट. दर रविवारी मी शमुवेलकाकांच्या घरी प्रार्थनेला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. काका रेल्वेतले निवृत्त फिटर आहेत, त्यामुळे आमचे जमते. मी बाप्तिस्मा मागितला. काका म्हणाले, आधी स्वतःच्या आत बघून ये. मी वहीत माझी अकरा पापे लिहून नेली: बिडी, राग, खोटी रजा वगैरे. क्रमवार, तारखांसह. काकांनी वही न उघडताच विचारले की कुणाचं मन दुखावून, मिटवायचं राहिलंय का? येशूची शिकवण अशी की देवापुढे काही ठेवायला निघालास आणि भावाची आठवण झाली, तर ते तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा.

आण्णा, तीन रविवार मी काकांशी वाद घातला. कंपनीत बॉयलर बघणारा माणूस मी. सरकारी परीक्षा पुस्तकं वाचून, कुणाची शिकवणी न लावता पास झालेला. मला ठाऊक आहे की बॉयलरला बाहेरून कितीही रंग द्या, आत नळ्यांना क्षार साचला की एक दिवस नळी फुटतेच. माझ्या नळीत चोवीस वर्षांचा क्षार आहे. तो असा:

१९७४ चा मार्गशीर्ष. आपली मेंढरं यवतच्या शिवारात होती. तुम्ही पीठ आणायला बाजारात गेला होता, राखण माझी होती. शेजारच्या विहिरीवर मिस्तरी ऑइल इंजिन खोलत होता, ते बघायला मी गेलो. पिस्टन बाहेर निघाला आणि मला जगाचा विसर पडला. मेंढरं कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत शिरली. ते खाऊन विषबाधा झाली, नऊ मेली. आबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आण्णानेच मेंढरं तिकडं सोडायला सांगितली होती.

आबांनी कळप तुमच्याकडून काढला. दसऱ्याला भंडाऱ्याचं ताट थोरल्याच्या हाती द्यायचं, ते माझ्या हाती दिलं. तुम्ही लोकांच्या बांधावर मजुरीला गेलात. एकोणनव्वदला आबा हेच खरं मानून गेले, आणि आई आजही मानते.

मी असे ठरवले आहे: १ फेब्रुवारीला येतो. भावकीतली पाच माणसं बोलवा. त्यांच्यासमोर सगळं सांगतो, तुम्हाला पागोटं बांधतो, पाया पडतो. मग आईला आत नेऊन मी स्वतः हळूहळू सांगेन.

तिचे काळीज नाजूक आहे, म्हणून आईला इतक्यात सांगू नका.

कळावे. लोभ ठेवा असे लिहायला आज हात धजत नाही.

आपला,
जालिंदर


शिरूर,
ता. १९ जानेवारी १९९८

चि. जालिंदर यास आण्णाचे अ. आ.

माझ्या डोळ्याला मोतीबिंदू आलाय, त्यामुळं माझी पोरगी रुपाली लिहितीय. मी बोलतोय तसंच लिही म्हणलंय, सुधारू नको.

तुझं पत्र आलं तवा आम्ही सगळी अंगणात बसलो हुतो. आई तांदूळ निवडत हुती. काकाचं पत्र म्हणून रुपालीनं मोठ्यानं वाचाय घेतलं. आपल्यात पत्र तसंच वाचत्यात, तुला काय ठाव न्हाई व्हय? आईला सांगू नका हे तू शेवटाला लिवलंस. शहाण्या, ते आधी लिवायचं आस्तंय. बॉयलरची परीक्षा पास झालास, आन् एवढं कळंना?

(काका, मी रुपाली. मी मध्येच थांबले होते. आजी म्हणाली, थांबू नको, वाच.)

आई तशीच उठली. सूप तिथंच. तिसऱ्या दिवशी मला म्हणली, खंडू, तू त्याच वक्ती का न्हाई बोललास. मी म्हणलं, आबांनी मला इचारलंच न्हाई.

आता माझं ऐक. मला राग आलाय. आधी बी हुता, पण चोवीस वर्सांत त्याची सवय झालती. तुझ्या पत्रानं तो पुन्हा ताजा झाला. माफ केलं, आसं तोंडानं म्हणाया जड जातंय, खोटं कशाला बोलू. पण तू लिवलंस हे बरं केलंस. ते ऐकून मी शेतात गेलो आन् एकटाच रडलो, मग हलकं वाटलं. ते तुझ्यामुळंच.

भावकी बोलावणार न्हाई. पागोटं आणू नको. पाच माणसं, पागोटं, तारीख, सगळं तूच ठरवलंस. मला इचारलंस का? आबांनी बी इचारलं न्हाई, तू बी न्हाई. तुला माफी बी मापून घ्यायचीय. तुझ्या त्या शमुवेलकाकाला इचार, फुकट मिळतंय ते घ्याला तू का लाजतोस?

रिकाम्या हातानं ये. आई म्हणती, त्याला यायला सांग. म्होरं काय बोलंल, ते मला ठाव न्हाई.

तुझ्यावरचा जीव हाय तिथंच हाय, राग त्याच्या वर बसलाय एवढंच.

खंडू (आण्णा)


दौंड,
सोमवार, ता. २ फेब्रुवारी १९९८

ती. स्व. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. काल मी येताच तुम्ही कांद्याचा भाव काढायला यार्डात जातो म्हणून निघून गेलात. रविवारी यार्डात कुत्रंसुद्धा नसतं, हे मला कळतं. आईला आणि मला एकटं सोडलंत, म्हणून घडलेलं तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

तुमचं पत्र मी काकांना वाचून दाखवलं होतं. फुकट मिळतंय ते घ्यायला लाजतोस, या वाक्याला काका पोट धरून हसले. म्हणाले, वर्षभर मी याला हेच सांगतोय की तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, नुसते हात पुढे करायचे. याच्या भावाने एका ओळीत सांगितलं. खरं सांगतो, गाडीत हात रिकामे ठेवून बसणं मला फार जड गेलं. पेरूसुद्धा घेतले नाहीत.

आईसमोर बसलो. घोकून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. खोटं बोललो, एवढंच निघालं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. मग म्हणाली, त्या दिवशी खंडूला मी जेवायला वाढलं नाही. पोरगं कुडाला टेकून बसलेलं, मी तोंड फिरवलं. आई असून विचारलं नाही. ते पाप तुझं नव्हं, माझं हाय.

तिने मला विचारलं की तुझ्या देवाला असलं जुनं पाप घेऊन गेलेलं चालतं का? आण्णा, मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, तुम्ही जाणता. तारणावर मी तासभर बोलू शकलो असतो. पण एवढंच म्हणालो की चालतं, माझं चाललं. तिने हात जोडले, मीही जोडले आणि आम्हा दोघांसाठी मोठ्याने क्षमा मागितली. शेवटी मी आमेन म्हणालो आणि तिने येळकोट येळकोट जय मल्हार म्हणून माझ्या कपाळाला भंडारा लावला. मी दुरुस्त केलं नाही. दौंडला उतरेपर्यंत कपाळ पुसलंही नाही. देवाच्या इतकं जवळ मी कधी बसलो नव्हतो.

तुमच्या तोंडून माफीचा शब्द अजून आलेला नाही. येईल तेव्हा येवो. मी वाट बघेन, तारीख घालणार नाही. बाप्तिस्मा २२ तारखेला भीमेच्या घाटावर, सकाळी आठला. कळवले एवढेच.

तुमच्या मायेने भरून पावलेला,
जालिंदर


शिरूर,
ता. १० फेब्रुवारी १९९८

चि. जालिंदर यास अ. आ.

आई आता रोज माझं ताट आधी वाढती. भाकरी संपली की दुसरी, नको म्हणलं की तिसरी. चोवीस वर्सांची उपासमार महिन्यात भरून काढायचा तिचा इचार दिसतोय. माझं पोट सुटलंय, ते तुझ्या नावावर.

आबांना हे कळलं न्हाई म्हणून मी कष्टी हुतो. आई म्हणली, त्यांना मी गेल्यावर सांगीन, तुम्ही दोघं घाई करू नका.

मी माझा खंडोबा सोडणार न्हाई, हे आधी सांगतो. ह्या बारीला महत्त्वाचं आधी. पण परवा उसाला पाणी देताना तुझं नाव मनात आलं आन् राग शोधला तर घावंना. दोनदा बघितलं. म्हणून लिही म्हणलं रुपालीला, जालिंदर, माफ केलं. कुणी सांगितलं म्हणून न्हाई.

बावीसला पहिल्या एसटीनं येतो. आई बी येणार म्हणून हटून बसलीय. त्या घाटावर मला तुमची गाणी येणार न्हाईत, पर तू पाण्यात उतरलास की तुझी कोरडी कापडं धरून काठावर आपल्या घरचं कुणीतरी उभं पाहिजे.

(काका, मी पण येतेय. आण्णांनी हे पत्र माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. रुपाली.)

माया कमी पडली तर मागून घे, लाजू नको.

तुझा थोरला भाऊ,
खंडू