धुतलेलं पेट्रोल

३ नोव्हेंबर, सकाळी ७

रोजनिशी, माफ कर. आठ महिने तुला हात लावला नाही. कामाचा व्याप होता.

(हे खरं नाही. पहिल्याच परिच्छेदात खोटं नको.)

शेवटची नोंद ९ मार्चची आहे: ‘चारही टायरची हवा बरोबर.’ त्या दिवशी बायकोची ग्रंथपालाच्या जागेसाठी परीक्षा होती. केंद्राचं फाटक नऊला बंद झालं आणि मी तिला नऊ वाजून चार मिनिटांनी पोचवलं, कारण हवा मी दोनदा मोजली. फाटकापाशी ही काही बोलली नाही. परतीच्या वाटेवरही नाही. मग मलाही लिहावंसं वाटेना.

आता ३० तारखेला पुन्हा परीक्षा आहे. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची. मीच सोडणार, तेही तासभर आधी. तसं तिला सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये विश्वास होता. निदान अविश्वास तरी नव्हता.

५ नोव्हेंबर

मी वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासतो. आज ऑफिसात चहाच्या वेळी कळलं, की पंपावर हल्ली सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या गाड्यांचे रबरी पाईप खातं. आपली गाडी सासऱ्यांनी दिलेली, सत्तावीस वर्षांची. पाईप मूळचेच असणार. ऐन परीक्षेच्या दिवशी फुटला तर?

इथेनॉलला माझा तात्त्विक विरोध नाही. मळीपासून, मक्यापासून इंधन होतं हे चांगलंच आहे. कँटीनमध्ये मी दोनदा त्याच्या बाजूने बोललोय. पण जगाचं भलं ३० तारखेनंतर. हा स्वार्थ झाला का? थोडा झाला. मान्य.

६ नोव्हेंबर

उपाय सापडला! बी.एस्सी. (केमिस्ट्री, सेकंड क्लास) अखेर कामी आली. इथेनॉलचा जीव पेट्रोलपेक्षा पाण्यावर जास्त. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवलं, की इथेनॉल पाण्यासोबत तळाला जातं आणि वर निर्मळ पेट्रोल उरतं. थोडक्यात, पेट्रोल धुवायचं. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचू नये?

(सुचली असेल तर केली का नसेल? विचार करणे.)

८ नोव्हेंबर

विचार करायचा राहिला. ऑफिसातली काचेची मापनळी घरी आणली. सरकारी वस्तू घरी नेणं गैर, पण मोजायलाच वापरणार आहे. रजिस्टरात ‘तपासणीसाठी’ असं लिहिलं. यात खोटं काय?

टेस्ट: शंभर मिली पेट्रोल, दहा मिली पाणी. खूप हलवून ठेवलं. खालचा दहाचा थर तीसच्या आसपास गेला! टाळी वाजवावीशी वाटली.

ही त्याच टेबलावर अभ्यास करत होती. पुस्तकातून मान वर न काढता तिने विचारलं, अहो, पेट्रोलचा वास घरात येतोय की माझ्याच डोक्यात? मी म्हटलं, हा प्रगतीचा वास आहे. तिने उठून गॅस बंद केला, कुकर उतरवला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, प्रगती गच्चीवर न्या, नाहीतर मी बाबांकडे राहायला जाते.

नेली.

११ नोव्हेंबर

सासऱ्यांचा फोन. गाडी कशी आहे म्हणाले. मी पाईपांचा विषय काढला. ते म्हणाले, अहो जावईबापू, पाईपांचं म्हणाल तर... त्यांना मध्येच थांबवून मी धुण्याची सगळी कृती समजावली. वीस मिनिटं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही बी.एस्सी. आहात, मी काय बोलणार.

या वयात नवी गोष्ट मोकळ्या मनाने स्वीकारणं सोपं नाही. त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिलं धुणं. पाच लिटरचा कॅन, चार वेळा. हात भरून आले. वरचं पेट्रोल नळीने अलगद काढून घेतलं. शेवटी शेवटी खालचंही थोडं आलं असावं. अगदी थोडं.

खालचं पाणी गटारात टाकणं पटेना. डब्यात भरलं, घट्ट झाकण लावलं आणि लेबल चिकटवलं: ‘पिऊ नये.’ संध्याकाळी पाहिलं तर त्याखाली हिच्या अक्षरात: ‘पिणार कोण?’

तिचा मूड चांगला आहे. अभ्यास बरा चालला असावा.

१८ नोव्हेंबर

टाकीत धुतलेलं पेट्रोल ओतलं. टाकीत आधीचं पंपावरचं पेट्रोल अर्धं होतं, पण त्याने काय फरक पडतो? बाजारापर्यंत ट्रायल. चढावर इंजिनातून टकटक असा नवा आवाज आला. इंजिन तरतरीत झाल्याची खूण.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक गॅरेजमधून धावत बाहेर आला. म्हणाला, साहेब, इंजिन दार ठोठावतंय, काय पाजलंत? मी सांगितलं. तो खाली बसला. खरंच खाली बसला, टायरवर. मग म्हणाला, आधी घरात कुणाला काडी ओढू देऊ नका, आणि मग ती टाकी रिकामी करायला माझ्याकडे आणा. एवढीच काळजी असेल तर गॅस किट बसवा, रिक्षावाले बघा कसे बिनघोर फिरतात.

म्हणजे किट विकायचंय! नम्रपणे नकार दिला. डिकीत सिलिंडर घेऊन मी बायकोला परीक्षेला नेणार नाही. कुठेतरी माणसाने रेघ मारायला हवी.

(तो किट विकण्यासाठीच बोलला असं म्हणणं अन्याय तर नाही? टाकी रिकामी करण्याचे तो पैसे घेणार नव्हता. पुन्हा विचार करणे.)

२४ नोव्हेंबर

विचार राहिला. ट्रायल बंद, पेट्रोल ३० तारखेसाठी राखून ठेवलंय. अठरा किलोमीटरच तर जायचंय.

संध्याकाळी ही आपल्या घराच्या फाटकापाशी एका रिक्षावाल्याशी बोलत उभी होती. कोण म्हणून विचारलं. म्हणाली, पत्ता विचारत होता. दहा मिनिटं पत्ता विचारत होता! मोबाइल आल्यापासून लोकांना साधे रस्ते कळेनासे झालेत.

२९ नोव्हेंबर

उद्या सातला निघायचं. पावणेआठला केंद्र. सव्वा तास हाताशी. हवा एकदाच मोजली. (पुढच्या डाव्या टायरची दोनदा. शंका होती.) आज मन शांत आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

३० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू. ही तयार. हॉल तिकीट, दोन पेनं, पाण्याची बाटली. जातो.

३० नोव्हेंबर, दुपारी २

घडलं तसं लिहितो.

घरापासूनच आरशात एक हिरवी रिक्षा दिसत होती. मी हळू झालो की ती हळू, मी वळलो की ती वळे. हिला म्हटलं, बघ, जुन्या गाड्यांचे शौकीन अजून आहेत. ती म्हणाली, असतील.

अकराव्या किलोमीटरला पुलाच्या चढावर गाडीने तीन आचके दिले आणि ती गप्प झाली. चावी फिरवली, पुन्हा फिरवली. सात पंचवीस. मार्चमधलं ते बंद फाटक जसंच्या तसं डोळ्यांसमोर आलं. हिच्याकडे बघायचा धीर होईना.

ही शांतपणे उतरली. बाटली घेतली, पिशवी घेतली. म्हणाली, अहो, हँडब्रेक ओढा, चढ आहे. आणि मागच्या रिक्षात जाऊन बसली.

रिक्षा माझ्या शेजारून जाताना हळू झाली. तोच, पत्ता विचारणारा. म्हणाला, साहेब, मी म्हटलेलं, गाडी पहिल्या सिग्नललाच बसेल. मॅडम म्हणाल्या, पुलापर्यंत जाईल. त्याच बरोबर ठरल्या.

गॅसवरची रिक्षा. चढ लीलया चढून गेली.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५

मेकॅनिकने गाडी ओढून आणली, टाकी उपसली, थोडं काचेच्या बाटलीत घेऊन माझ्यासमोर धरलं. वर पेट्रोल, खाली पाणी-इथेनॉलचा थर. मधली रेघ सुरेख. पंपावरच्या पेट्रोलला माझं पाणी टाकीतच भेटलं होतं. प्रयोग यशस्वी, जागा चुकली.

मग तो गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, साहेब, पाईप तर नवे आहेत, इथेनॉलला चालणारे! पुढच्या कप्प्यात, माझ्या हवेच्या नोंदींच्या वहीखाली, सासऱ्यांच्या हातची चिठ्ठी निघाली. सगळे पाईप चार वर्षांपूर्वीच बदलले होते. फोन केला. म्हणाले, मी तेच सांगत होतो जावईबापू, पण तुम्ही रंगात आला होतात.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७

ही आली. पावणेआठपासून फाटकाबाहेर बसून उजळणी केली म्हणे. पेपर छान गेला.

मी विचारलं, रिक्षा ठरवलीच होती तर घरूनच तिच्यात का नाही बसलीस? चप्पल काढता काढता म्हणाली, मार्चपासून तोंड पाडून हिंडत होतात. सोडायचं होतं ना तुम्हाला? सोडलंत की. अकरा किलोमीटर.

पास झाली तर जानेवारीत मुलाखत, त्याच केंद्रावर. बॅटरीवरच्या गाडीबद्दल बोलायला मी तोंड उघडलं. तिने नुसतं बघितलं. मिटलं.

उद्या: रिक्षावाल्याचा नंबर हिच्याकडून मागून घेणे.