डोकं उचलेपर्यंत

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! खोली झकास मिळाली आहे. दवाखान्याच्या बरोबर वर, पूर्वेला मोठी खिडकी, खाली शेजारीच बेकरी, त्यामुळे सकाळी जाग येईल ती पावाच्या वासाने. दादाने सामान वर आणून दिलं आणि जाताना नेहमीप्रमाणे उपदेशाचे दोन डोस पाजले. इथल्या माणसांशी नीट वाग, सगळ्यांना मूर्ख समजू नकोस, म्हणे. मी सगळ्यांना मूर्ख समजत नाही. जे आहेत त्यांनाच समजते. आता तेच जास्त निघाले तर तो काही माझा दोष नव्हे.

दवाखाना प्राण्यांचा, म्हणजे मुख्यतः कुत्र्यांचा. खाली तीन खोल्या आहेत: तपासणीची, ऑपरेशनची आणि मागे भुलीतून उठवायची, जिथे जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात. भूल द्यायची आणि कुत्रं शुद्धीवर येईपर्यंत त्याला सांभाळायचं, हे माझं काम. मोठे डॉक्टर साठीच्या पुढचे आहेत. हात उत्तम, पण माणसाशी बोलताना कुत्र्याकडे पाहतात. आलात, बरं झालं, असं माझं स्वागत त्यांनी एका बुलडॉगकडे बघत केलं. भुलीचं यंत्र मात्र नवं कोरं आहे. नाडी, श्वास, प्राणवायू, सगळं पडद्यावर दिसतं. या इमारतीत अक्कल असलेलं निदान एक तरी कोणी आहे, हे पाहून मला बरं वाटलं.

मंगळवार, ४

आज मावशींचं दर्शन घडलं. मावशी इथे सत्तावीस वर्षं मदतनीस आहेत आणि ते दर अर्ध्या तासाने सांगतात. सकाळी आल्या आल्या त्यांनी यंत्राच्या नळीवर अंगठा दाबला, फुगा पिळला आणि कुठे फुस्स होतंय का ते कान लावून ऐकलं. मग खिडकी सताड उघडून उरलेला वायू बाहेर सोडायची नळी चौकटीत अडकवली. हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्याने, की जणू आम्ही समुद्राच्या तळाशी निघालो होतो.

त्यानंतर मला धडे. उठणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नका, कुत्रं गिळायला लागलं की मगच घशातली नळी काढा, मान सरळ ठेवा, भांडी आपटू नका. बाई, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. पण खरी गंमत पुढेच आहे. भूल चढल्यापासून एक हात कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवायचा आणि कुत्रं स्वतःहून डोकं उचलेपर्यंत तो काढायचा नाही. पडद्यावर नाडी दिसतेय की, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, पडद्याला काय कळतंय. भुलीच्या तक्त्यात दर पाच मिनिटांना एक चौकोन असतो, त्यात आकडा लिहायचा तोही आधी नाडीवर बोट लावून. बोट न लावता लिहायचं नाही.

खुडूक कोंबडीसारख्या त्या कुत्र्यावर तासभर बसून होत्या. मला हसू आवरेना.

शुक्रवार, ७

चार दिवसांत अकरा भुली, आणि माझा शोध असा: सगळ्या कुत्र्यांचे आकडे सारखेच येतात. नाडी शहाण्णव, नाहीतर अठ्ठ्याण्णव. श्वास चौदा. मग दर पाच मिनिटांनी उठाबशा कशाला काढायच्या? मी पहिला चौकोन बोट लावून भरते आणि बाकीचे लगेच तिथल्या तिथे, अगदी शेवटच्या 'डोकं उचललं'पर्यंत. मधूनच एखादा चौऱ्याण्णव टाकायचा, म्हणजे खरं वाटतं. कोणाच्या बापाला कळलेलं नाही.

या वहीचंही मी तेच सुरू केलंय. आजची नोंद जेवायच्या सुट्टीतच लिहून टाकते आहे. उरलेल्या दिवसात वेगळं काय होणार? मावशी कुरकुरतील, मोठे डॉक्टर कुत्र्याशी बोलतील, कुठल्यातरी कुत्र्याचा मालक डोळे पुसेल. कालही बरोबर तेवढंच झालं.

खिडकीवरून मात्र रोज कुस्ती चालते. रस्त्यावर हॉर्नचा उच्छाद असतो, म्हणून मी ती लावून घेते. मावशी उघडतात. मी पुन्हा लावते. आज त्यांना गोड शब्दांत सांगितलं, तुमच्या हाताची गरज नाही, तुम्ही बाहेर हत्यारं उकळा. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. मोठ्या डॉक्टरांनी कुत्र्याकडे पाहिलं. झालं, विषय संपला.

सोमवार, १०

सगळं डोळ्यांसमोर आहे तोवर लिहून काढते.

गुंडी नावाची चौदा वर्षांची कुत्री. तपकिरी अंग आणि शर्टाच्या गुंडीसारखं काळं नाक. मालक निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं कुत्र्यांनी पोटऱ्या फोडल्या आणि शेवटी हीच रस्त्यावरून उचलून घरी आणली, असं स्वतःच हसत सांगत होता. मग हसणं थांबवून म्हणाला, उठेल ना हो ती? घरात बोलायला दुसरं कोणी नाही. मनात म्हटलं, घ्या, आणखी एक रडूबाई. वर म्हटलं, काळजी करू नका.

तीन किडके दात काढायचे होते. अकराला भूल चढली. मी मांडीच्या आत बोट लावलं, शहाण्णव लिहिलं आणि अकरा पंचेचाळीसच्या 'डोकं उचललं'पर्यंतचे बाकीचे नऊ चौकोन भरून टाकले. तोंडातच काम असल्यामुळे जिभेवरचा, नाडी आणि प्राणवायू मोजणारा चिमटा सारखा निसटत होता आणि यंत्र बोंबलत होतं. मी त्याचा आवाज बंद केला. फोन बघत बसले. मधे मोठ्या डॉक्टरांनी न वळता विचारलं, कशी आहे? मी तक्त्यातून वाचून दाखवलं. अकरा वीसला शेवटचा दात काढून ते हात धुऊन तपासणीच्या खोलीत गेले.

मी वायू बंद केला आणि जीभ पाहिली. राखाडी. हिरडी दाबली, तर रंग परत येईना. मांडीत नाडी नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला. काही नाही. काहीच नाही.

छाती दाबायला हवी होती. हाक मारायला हवी होती. पण हाक मारली असती तर मोठ्या डॉक्टरांनी आधी तक्ता मागितला असता. मी उभी राहिले. पंचवीस मिनिटं नुसती उभी राहिले.

अकरा पंचेचाळीसला गुंडीने डोकं उचललं.

घशातली नळी काढताना माझी बोटं तिच्या तोंडात गेली. आत फरशीसारखं गार होतं. माझा स्टेथोस्कोप बिघडला असणार. उद्या नवा मागवते.

मंगळवार, ११

पोस्टमन गुंडीला दाखवायला घेऊन आला. तुमच्या हाताला गुण आहे, म्हणाला. माझ्या हाताला! मग जरा चाचरत सांगायला लागला. खात नाही, पाणी पीत नाही. रात्रभर गोधडी घातली तरी अंग गारच. आणि पापणी लवत नाही, हो, नुसती बघत बसते.

मावशींनी हात धुतले आणि एक हात गुंडीच्या बरगड्यांवर ठेवला. बराच वेळ. चेहरा पांढराफटक पडला. मला मागच्या खोलीत नेलं, तक्ता मागितला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत विचारलं, यातला कुठला हात लावून लिहिलात? मी म्हटलं, सगळे. त्या म्हणाल्या, डॉक्टरबाई, आत काही चालत नाहीये. तिला जायचंय आणि तुम्ही तिला कागदावर अडकवून ठेवलंय. त्या माणसाला खरं सांगा आणि त्याच्यासमोर हे खोडा.

मी म्हटलं, दोन दिवस रजा घ्या, विश्रांतीची गरज आहे तुम्हाला. अकलेचे तारे तोडायला काय जातं! माझी नोकरी जाईल ना पण. दादाच्या नजरेतून उतरेन, पुन्हा कुठे यंत्राला हात लावू देणार नाहीत, ते निराळंच.

तरी मन ताळ्यावर यावं म्हणून एक केलं. शनिवारपर्यंतच्या नोंदी आत्ताच लिहून टाकल्या. पुढच्या पानांवर आहेत. वाचून फार बरं वाटलं.

बुधवार, १२

सगळं ठीक. दोन भुली दिल्या. डबा खाल्ला. शांत झोप लागली.

(समासात) हे कालच लिहिलेलं. खरं असं: दुपारी एकटीच यंत्र पुसत होते. खिडकी लावलेली. वायू चालूच राहिला असावा आणि तो बाहेर सोडायची नळी जोडायची राहिली असावी. गोडसर वास आला, डोकं जड झालं. गादीवर जरा टेकले. पुढचं आठवत नाही. पाचला भानावर आले तेव्हा उभी होते, हात धूत होते. डबा रिकामा होता. कधी खाल्ला?

गुरुवार, १३

सगळं ठीक. एकच भूल. दादाशी बोलले. शांत झोप लागली.

(समासात) झोपले नाही. पडून होते, डोळे उघडे. बेकरीचा वास आला नाही. भूक नाही. खाली गेले तर तीन कुत्री कोपऱ्यात सरकली. एकाने जागेवरच मुतलं. दादाचा फोन आला. मला त्याला सांगायचं होतं — तोंडातून निघालं, सगळं ठीक. तो म्हणाला, आवाज असा काय येतोय तुझा —

शुक्रवार, १४

सगळं ठीक. भुली नाहीत. निवांत दिवस. शांत झोप लागली.

(समासात) स्वतःला थर्मामीटर लावला. चोवीस सेल्सियस. भिंतीवरचा खोलीचा पाहिला. तोही चोवीस.

नवा स्टेथोस्कोप आला. मावशींच्या छातीला लावला, धडधड स्वच्छ. माझ्या छातीला लावला —

पुन्हा लावला —

मावशींनी रजा घेतलीच नव्हती; त्यांनी मग सांगितलं. बुधवारी दार उघडलं तेव्हा मी यंत्राशेजारी पडलेली. ओठ निळे. त्या खिडकी उघडायला धावल्या, वळल्या, तर मी मोरीपाशी उभी आणि म्हणतेय, सगळं ठीक. हे सांगताना त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एक शिवी तरी हासडायची होती बाईने. मी तिला हत्यारं उकळायला पाठवलं होतं. मी, शहाणी.

शनिवार, १५

सगळं ठीक. आठवडा छान गेला.

(समासात) पुढचं पान कोरं आहे. त्यावर उद्यापासूनचं सगळं ठीक लिहिता येईल. वर्षभराचं लिहिता येईल. गुंडीसारखं बघत बसता येईल.

पोस्टमनला गुंडीसकट बोलावून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनाही. सांगितलं. नऊ चौकोन खोटे. नाडी थांबली तेव्हा मी फोन बघत होते. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. पोस्टमन एवढंच म्हणाला, म्हणजे मी बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हाच? मी हो म्हटलं. त्याने गुंडीच्या बरगड्यांवर हात ठेवला. मी एकेक चौकोन खोडला. नवव्याला तिने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि पापण्या मिटल्या. पाच दिवसांनी. तो रडला आणि मला त्याचं हसू आलं नाही. मग माझ्याकडे न बघता गुंडीला उचलून गेला तो. तेवढीही माझी लायकी नाही.

आता माझी पानं.

मावशींनी मागच्या खोलीत गादी घातली आहे. खिडकी सताड उघडी. हॉर्न ऐकू येतायत. मोठे डॉक्टर प्राणवायू घेऊन बसलेत. त्यांना विचारलं, खोडल्यावर मी उठेन का? गुंडी तर — त्यांनी प्राणवायूची नळी पुन्हा तपासली. मावशी म्हणाल्या, गुंडीची नाडी थांबली तेव्हा तिच्यावर कोणाचा हात नव्हता; तुमच्यावर माझा असेल.

शनिवार खोडला.

शुक्रवार खोडला. हात जड होतोय —

गुरुवार. थंडी वाजतेय. पहिल्यांदाच वाजतेय. मावशींचा हात बरगड्यांवर. गरम आहे. विचारलं, किती वेळ ठेवाल. म्हणाल्या, डोकं उचलेपर्यंत.

पाव भाजल्याचा वास —

आता बुधवा