गोणपाटात शिवलेला पत्रा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खडकाळ वाटेने जाणाऱ्या गाड्यांच्या पोटाखालचे संरक्षक पत्रे बनवण्याचा, आज सकाळी डोके ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वतःच्या हाताने अशासाठी, की टाइप केलेल्या कागदात कोण कुठे काय घुसडेल याचा नेम नाही. पानांना आधीच क्रमांक घातले आहेत. एकही पान फाडणार नाही. चुकले तर खोडीन आणि खोडल्या जागी सही करीन. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी तो एकच प्रश्न विचारून दिला, तेव्हा डॉक्टरांवरही लक्ष ठेवावे.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. जावयाने आणून पाहिला, तो कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. ज्या ठिकाणी नुसते 'हे' येईल तिथे माझे मयत पती समजावे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कायद्यात 'हे' चालत नाही. हे म्हणजे कोण, असं कोणीही विचारेल." मी म्हटले, ज्याला एवढे कळत नाही त्याने माझे मृत्युपत्र वाचूच नये. तरी त्यांच्या समाधानासाठी खुलासा केला आहे.

कलम दोन. राहते घर, दोन खोल्या आणि वरची गच्ची, माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बाहेरून हलवली की उघडते. ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असे मी समजत होते, पण परवा जावई त्याच खिडकीकडे टक लावून बघत होता. मुलीने कडी बदलून घ्यावी.

कलम तीन. वर्कशॉपचा पुढचा भाग, वेल्डिंगची दोन मशीन, पत्रा वाकवायचा प्रेस, ग्राइंडर आणि सगळी हत्यारे मुलीलाच. ती डोंगरातल्या वस्त्यांवर औषधे पोचवणारी गाडी चालवते, त्यामुळे पोटाखालच्या पत्र्याची किंमत तिला कळते. जावई मागच्या महिन्यात वर्कशॉपमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पावले मोजत होता. विचारले तर म्हणाला, "आई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." चालायला रस्ता आहे. शिवाय "आई, एकदाचं सगळं कागदावर आणा ना," असेही तो दोनदा म्हणाला. माणूस वाईट नाही, पण नजर असू द्यावी.

कलम चार. धंद्याचा नियम. गिऱ्हाईक येते आणि पहिला प्रश्न टाकते, पत्रा स्टीलचा घेऊ की अॅल्युमिनियमचा? माझ्या दुकानात उत्तर एकच, स्टील. स्टील दगडावरून घसरून जाते, आणि वाकले तरी ठोकून सरळ करता येते. अॅल्युमिनियम वजनाला निम्मे भरते आणि गंजत नाही, हे मी नाकारत नाही. पण ते मऊ असते, दगडाला धरून बसते, आणि फाटले तर सांधायला सगळ्यांना जमत नाही. काळा रंग मारला की दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि लबाडी शिरते ती तिथे. म्हणून मी गळ्यात दोरीला लोहचुंबक बांधून हिंडते. लोक मला चुंबकबाई म्हणतात. म्हणोत बापडे. चुंबक मुलीला द्यावे. तिने ते आलेल्या प्रत्येक मालाला लावावे, आणि माल आणणाऱ्याकडे बघत लावावे.

कलम पाच. भाऊजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. वर्कशॉपच्या मागच्या भागात ते अॅल्युमिनियमचे काम करतात. पुढचा आणि मागचा भाग पूर्वी एकच होता. मधली भिंत मी घातली. कारण लिहून ठेवते.

बावीस वर्षांपूर्वी भाऊजी ह्यांच्या कानाला लागले आणि आमच्या गाडीला अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला. मी स्वतः बनवलेला स्टीलचा पत्रा भिंतीला टेकून राहिला. त्यावरून मी तीन दिवस ह्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी हे गाडी घेऊन घाट चढायला गेले. वाटेत दगड लागला. इंजिनच्या तळाशी तेलाचे भांडे असते, आम्ही त्याला चेंबर म्हणतो, ते फुटले. तेल वाहून गेले, चढावर इंजिन जाम झाले, ब्रेक कडक झाला आणि गाडी उलटी घसरत दरीत गेली. गाडी काढायला भाऊजी गेले होते. आल्यावर एवढेच म्हणाले, "वहिनी, पत्रा गेला." मला तेवढे पुरले. महिन्याने वर्कशॉप उघडले तर माझा स्टीलचा पत्राही जागेवर नव्हता. तो कोणी भंगारात घातला असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सबब, वर्कशॉपचा मागचा भाग विकून टाकावा. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत भाऊजींनी जागा खाली करावी. त्यांचे वय सदुसष्ट आहे आणि त्यांना दुसरी जागा नाही, याची मला कल्पना आहे.

कलम सहा. अपघातातला तो पत्रा भाऊजींनी गोणपाटात शिवून आणला होता. गोणी माझ्या पलंगाखाली आहे. बावीस वर्षांत एक टाका उसवलेला नाही, कारण पुरावा उघडला की लोक म्हणतात, हिनेच आत काहीतरी केले. मुलीने तो तसाच जपावा. वर्णन: अॅल्युमिनियमचा पत्रा, एक नग, फाटलेला. वजन:

इथे लेखन थांबले होते. काय घडले ते लिहिते.

वकीलसाहेब म्हणाले, वस्तू दिली की वजन हवे. शेजारचा शिंपी साक्षीदार म्हणून आला आहे, त्याला गोणी ओढायला सांगितली. त्याने दोन्ही पाय रोवले आणि म्हणाला, "बाई, अॅल्युमिनियम एवढं जड असतं?" मी खाली वाकले. गळ्यातले चुंबक पुढे गेले आणि गोणपाटाला टक करून चिकटले. मी ते ओढून काढले आणि दुसऱ्या टोकाला लावले. तिथेही चिकटले.

शिंप्याने शिवण उसवली. आत माझा पत्रा होता. वेल्डिंगची रेघ माणसाच्या अक्षरासारखी असते, ओळखायला चूक होत नाही. कुठेही फाटलेला नव्हता. मधोमध वर वाकला होता, आणि वर जाऊन चेंबरवर आदळला होता. पत्रा आणि चेंबर यांच्यात मी एकच बोट जागा ठेवली होती. दोन बोटे हवी होती. त्या एका बोटाचा हट्ट माझा.

भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. त्यांनाही साक्षीदार म्हणून बोलावले होते, आणि त्यात माझी खोड होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकीलसाहेबांनी सांगितल्याबरोबर मी त्यांचे नाव खाली लिहून ठेवले, म्हणजे पुढेमागे मला दया आली तरी कायदा आडवा यावा.

मी विचारले, "हा पत्रा गाडीला कोणी लावला?"

"दादाने. बोल्ट मी आवळले."

"कधी?"

"निघायच्या आधी. म्हणाला, तुझा काढ, तिचा लाव. परत आलो की तिला खाली वाकून बघायला सांगतो, मग बघू कशी बोलत नाही ते."

"आणि तुम्ही बावीस वर्षं गप्प बसलात? माझ्या शिव्या खात?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मला शिव्या द्यायला का होईना, तुम्ही रोज उठत होतात. पोरगी शाळेत होती. खरं सांगितलं असतं तर तुम्ही वेल्डिंगला पुन्हा हात लावला असता का?"

मी सगळ्यांसमोर रडले, ह्यांच्या वेळी रडले नव्हते तेवढी. वकीलसाहेबांनी उगाच फाइल चाळली. भाऊजींवर मी घेतलेला संशय खोटा होता. हे वाक्य लिहिताना पेन दोनदा खाली ठेवावे लागले, पण लिहिले आहे.

कलम सात. कलम पाच रद्द. एकच रेघ मारली आहे, म्हणजे खालचे वाचता येईल; आपली आई काय करायला निघाली होती ते मुलीला कळलेले बरे. वर्कशॉपचा मागचा भाग भाऊजींना, पूर्ण मालकीने. भाऊजी म्हणतात, "मला काही नको, वहिनी, सही तेवढी करू द्या." मी पेन दिलेले नाही.

कलम आठ. कलम चारमध्ये दुरुस्ती. गिऱ्हाईकाने स्टील की अॅल्युमिनियम असे विचारले तर आधी त्यालाच विचारावे, जातोस कुठे आणि गाडीत ओझे किती घेतोस. दगडाला घासत जाणाऱ्याला स्टील द्यावे. लांब जाणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या गाडीला अॅल्युमिनियम द्यावे, आणि ते मागच्या भागातूनच घ्यावे. पत्रा कोणताही असो, चेंबरपासून दोन बोटे जागा. बोटे मुलीची धरावीत; जावयाची फार बारीक आहेत.

कलम नऊ. मधली भिंत. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. भाऊजींकडे आणि माझ्याकडे तेवढी सवड नाही. म्हणून हे कलम आज दुपारी लागू होईल. जावयाला हातोडा घेऊन बोलावले आहे. पहिला घाव मात्र मी घालणार.

या आधी कुठे काही लिहून दिले असेल तर ते बाद समजावे. वरचा सगळा मजकूर मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कोणावरही संशय आला नाही, फक्त स्वतःचा राग आला. खाली सही करीत आहे.

सही: चुंबकबाई (दुकानाच्या पाटीवर आहे तीच)

स्थळ: राहते घर, पलंगाशेजारी. दिनांक: सतरा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे बारा.

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:

साक्षीदार पहिला: वकील. सही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. सही.

साक्षीदार तिसरा: नाव खोडले आहे. खोडाखोड माझी, बाजूला माझी सही. खोडण्याचे कारण: सदर इसम घरचा माणूस आहे.