चौथ्यांदा बांधलेलं स्वयंपाकघर

किटवे, ४ ऑगस्ट १९९९

चि. चिलेशेस,
अनेक आशीर्वाद.

तू धाडलेली सामान हलवणारी मंडळी काल सकाळी सातला दारात हजर झाली. सात म्हणजे सात! मी अजून शेगडीही पेटवली नव्हती. चौघं जण, एकसारखे निळे डगले, प्रत्येकाच्या खिशात चिकटपट्टी. त्यांचा मुकादम अब्सालोम शावा. आडनाव ऐकूनच कळलं, न्गोनी जमातीचा. त्यानेही मला बेम्बा म्हणून ओळखलं आणि उंबऱ्यातूनच सुरू झाला, की बेम्बांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी खिसे शिवून घ्यावे लागतात. जुन्या लढाया संपल्यापासून न्गोनी म्हणजे आपल्या थट्टेच्या नात्यातला माणूस, त्याचा हक्कच आहे तो. एरवी मीही विचारलं असतं, की बाबा रे, तुम्ही न्गोनी उंदीर खाता, ते भाजून वाढू की उकडून. पण काही बोलावंसं वाटलं नाही. नुसता चहा दिला.

मग मोजणी. माझी पातेली मोजली, चमचे मोजले. चाळणीला भोकं किती, तेवढं विचारायचं राहिलं. अगं, मी आणि तुझे बाबा कासामाहून या खाण-वसाहतीत आलो ते एक ट्रंक आणि एक कोंबडी घेऊन. कोंबडीने म्पिकाला अंडं घातलं, ते अंडंसुद्धा अख्खं पोचलं. तेव्हा कुठे होती तुमची चिकटपट्टी?

ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीपाशी येऊन शावाने वहीत लिहिलं, ‘मोडकी’, आणि विचारलं की न्यायची की टाकायची. मी म्हटलं, ज्यांची आहे त्यांना विचार. कोणाला विचारू, म्हणाला. गेल्या वर्षी गेलेल्या माणसाला कसं विचारायचं ते मला तरी कुठे ठाऊक आहे? मी आत निघून गेले.

तू तिकडे लुसाकात बसून उंटावरून शेळ्या हाक. इकडे मी परक्या पुरुषांना माझ्या परकरांच्या घड्या करताना बघते.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी आई

—

लुसाका, १० ऑगस्ट १९९९

ती. आईस,
चिलेशेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्याच्या आधी त्या कंपनीचे तीन फोन पोचले. आई, काय चालवलंयस तू? माणसं स्वयंपाकघर बांधून जातात आणि सकाळी येऊन बघतात तर सगळी भांडी परत फळीवर! एकदा नाही, तीनदा. ‘काचसामान, जपून’ असं लिहिलेल्या खोक्यात शावांना जिवंत कोंबडी सापडली म्हणे. मला बँकेत सगळ्यांदेखत फोनवर कोंबडीबद्दल खुलासा करावा लागला.

पुन्हा एकदा सांगते. घर विकलं आहे. दवाखान्यातलं ते नवं जोडपं पंचवीस तारखेला राहायला येणार. ट्रक चोवीस तारखेला निघणार. मला बढती मिळाली म्हणून बँक एकदा घरच्यांचं सामान हलवून देते, एकदाच. तुझ्या मनाची तयारी होईपर्यंत ती थांबायची नाही. तुझ्यासाठी पूर्वेकडची खोली रंगवून घेतली आहे, फिकट पिवळी. चर्च पाच मिनिटांवर आहे आणि तिथली मंडळी शिकलेली, शांत आहेत. तुला आवडतील.

आणि ती खुर्ची टाकून दे. मी इथे नवी घेते. एका मोडक्या खुर्चीपायी चार माणसांचा खोळंबा कशाला?

शक्तीची गोळी घेतेस ना? दम लागत असेल तर लिही. रागावून लिहिलं आहे, पोटात घाल.

तुझी,
चिलेशे

—

किटवे, १४ ऑगस्ट १९९९

चि. चिलेशेस,
आशीर्वाद. या खेपेला मोजून एकच.

भांडी मी काढली, कारण माणसाला जेवावं लागतं. निरोप द्यायला गल्लीतल्या बायका रोज येतात, त्यांना काय मी खोक्याचा पुठ्ठा वाढू? मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटायचा लाकडी डाव त्यांनी सात कागदांत गुंडाळला होता. सात! जन्मलेल्या पोराला आम्ही इतकं गुंडाळत नाही. कोंबडी शेजारच्या कुलाच्या आईने निरोपाची भेट म्हणून आणली. बाहेर कुत्रं होतं, आत खोकं होतं. यात बँकेत लाजण्यासारखं काय आहे?

शावा रोज काहीतरी थट्टा करून बघतो. काल म्हणाला, बेम्बांची बाई सामान का सोडवते ते कळलं, आमच्या आजोबांकडून लुटलेलं काहीतरी तळाशी लपवलं असणार. त्याची तिन्ही माणसं हसली. मला नाही हसू आलं. त्याने चिकटपट्टी उचलली आणि पुन्हा कामाला लागला.

खुर्ची टाकून दे म्हणतेस. फार हुशार झालीस. घालवून द्यायचं तुला चांगलं जमतं.

आता स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा फोन करायला नको. मी येत नाही. ट्रक रिकामा ने, नाहीतर नुसती पातेली ने. ते नवं जोडपं आलं की मी कुलाच्या आईकडे पडवीत राहीन. पिवळ्या खोलीत तुझी इस्त्रीची फळी ठेव.

जिवाला जप.
आई

—

किटवे, १६ ऑगस्ट १९९९

श्रीमती चिलेशेबाई यांस,
अब्सालोम शावा याचा स. न. वि. वि.

आपला पत्ता ऑफिसच्या कागदावरून घेतला, याबद्दल क्षमा असावी. या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. मी अख्खं इस्पितळ हलवलं आहे. अकरा कुत्री पाळणाऱ्या एका न्यायाधीशांना हलवलं आहे. पण एकच स्वयंपाकघर चौथ्यांदा बांधायची वेळ माझ्यावर आली नव्हती. माझी माणसं आता डोळे मिटून ते बांधतात.

तक्रार करायला लिहीत नाही. मला वाटतं, गोष्ट भांड्यांची नाही. मी न्गोनी, आपल्या आई बेम्बा. मी इतकं टोचून बोललो, की दुसऱ्या कुठल्याही बेम्बा बाईने मला झाडूने हाकललं असतं. त्या उत्तरच देत नाहीत. असं मी फक्त ताज्या मर्तिकाच्या घरात पाहिलं आहे. म्हणून काल विचारलं, की त्यांच्या यजमानांना पुरलं तेव्हा थट्टेचे भाऊ कोण आले होते. त्या म्हणाल्या, कोणी नाही, आणि उठून गेल्या.

बाई, हे कसं झालं? मेलेल्या माणसाची नक्कल करून घरच्यांना हसवायचं, हे आमचं कर्तव्य असतं. ते केल्याशिवाय माणूस घरातून जात नाही, आणि घरचंही कोणी हलत नाही. गिऱ्हाइकाशी सलगी करायची नाही असा ऑफिसचा कडक नियम आहे. मी तो मोडला तर आपण तक्रार कराल का, एवढं कळवावं.

आपला नम्र,
अ. शावा

—

लुसाका, १८ ऑगस्ट १९९९

श्री. शावा यांस,
स. न. वि. वि.

ते आले होते. बाबा खाणीत उतरायचा पाळणा चालवायचे. त्यांच्या पाळीतले तिघं न्गोनी फाटकाशी आले होते, बाबांसारखेच कपडे घालून, बाबांसारखंच खोकत. माझ्याबरोबर लुसाकाहून आलेले पाद्री अंगणात उभे होते, माझे साहेब होते. मला लाज वाटली. मी फाटकाशी जाऊन त्यांना सांगितलं, की हे सभ्य माणसांचं मर्तिक आहे, इथे तमाशा नको. ते निघून गेले. आई आत होती, तिला यातलं काही माहीत नाही. ती समजते कोणी आलंच नाही.

वर्षभर ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्हाला काय करायचं ते करा. ऑफिसला मी काही कळवणार नाही. फक्त माझं नाव तिच्यापाशी काढू नका, तेवढं धैर्य माझ्यात नाही.

आपली,
चिलेशे

—

किटवे, २२ ऑगस्ट १९९९

चि. चिलेशेस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. स्थानकावर जाऊन घे.

काल शावा निळा डगला न घालताच आला. बाबांचे खाणीतले बूट त्याने खोक्यातून काढून पायांत चढवले होते. ओट्यावर जाऊन त्या मोडक्या खुर्चीत असा काही बसला आणि असा काही खोकला, की माझ्या हातातलं ताट पडलं. मग आतल्या दिशेने ओरडला, की चहा कुठे मेला, आणि साखर चार चमचे घाल, तुझ्या माहेरासारखी चिक्कू होऊ नकोस. बाबांना त्याने कधी पाहिलं नाही गं! गल्लीभर हिंडून विचारून आला होता. बायका जमल्या. मग दारात आडवा पडला, डोक्यावरून चादर ओढली आणि म्हणाला, मी मेलोय, आता कोंबडी दिल्याशिवाय उठणार नाही, या बेम्बा बाईने एक वर्ष मला बसवून ठेवलंय, माझी कंबर मोडली.

मी डाव घेतला आणि हाणला त्याला. म्हटलं, ऊठ उंदीरखाऊ, माझा नवरा तुझ्यापेक्षा दिसायला बरा होता. आणि हसले. इतकी हसले की खाली बसले, आणि मग रडले. बाबा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढं रडले. कुलाची आई पाठीवरून हात फिरवत राहिली. कोंबडी शावाने नेली. दुपारी त्याच्या माणसांनी स्वयंपाकघर बांधलं, ते बांधलेलंच आहे. खुर्ची मी शावाला दिली.

आता एक ऐक. शावाच्या खिशात तुझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं, पण त्याने तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गरजच नव्हती. बाबांना पुरलं त्या दिवशी मी ज्या खिडकीशी बसले होते ती फाटकाकडे उघडते. ते तिघं आलेले मी पाहिले. एकाने बाबांसारखी टोपी तिरपी घातली होती. मला हसू फुटणार, तेवढ्यात तू हात हलवून त्यांना घालवून दिलंस. ते हसू तिथेच अडकून बसलं.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसं केलं मी. चिडले होते तुझ्यावर आणि राग काढला खोक्यांवर. हे घर सोडायला माझी हरकत नव्हती, पोरी. मला तुझ्या घरी राहायचं नव्हतं.

मंगळवारी ट्रकमधून येते, शावाच्या शेजारी बसून. थोडा राग अजून शिल्लक आहे. त्याला सांगितलंय, गाडी सावकाश हाक. वाटेत काबवे येईपर्यंत संपला तर बरंच, नाही संपला तर दारात उभी राहून दोन शब्द ऐकून घे, आणि मग मला आत घे.

तुझी,
आई